सही कुणाची, लिंक कुठली

पहाटे ५.५०

कंपनीचा फोन वाजतो. मॅडमकडे फोन दोन. घरचा उशाशी असतो. कंपनीचा चार पावलं लांब, टीव्हीच्या शेल्फवर, आणि तोही मुद्दाम. हाताशी असला की माणूस झोपेत बंद करतो, आणि हा बंद करायची सोय नाही. २०२१ च्या आयटी नियमांत तसं लिहिलंय. पन्नास लाखांवर नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमानं भारतात राहणारा एक ‘नोडल’ माणूस नेमायचा आणि पोलिसांना तो चोवीस तास, सातही दिवस सापडला पाहिजे. मॅडम अशा नोडल आहेत. ॲप मराठी, कन्नड, तेलुगू छोट्या व्हिडिओंचं. त्याचं नाव आणि मॅडमचं नाव लिहायचं नाही, या बोलीवर मला डिसेंबर २०२५ मधल्या एका मंगळवारी टेबलाशेजारी बसू दिलं. हा पहाटेचा भाग त्यांनी ऑफिसात सांगितला.

फोनवर मराठवाड्यातल्या एका सायबर ठाण्याचे फौजदार.

“मॅडम, ती दगडफेकीची क्लिप लगेच काढा. रात्रीपासून डोकं उठलंय इथं.”

“नमस्कार साहेब. लिंक पाठवलीत का?”

“व्हॉट्सॲपला टाकली बघा. पत्राचा फोटोपण टाकलाय.”

“सही कुणाची आहे?”

“माझीच की.”

“साहेब, आता डीआयजी साहेबांची लागते. पंधरा नोव्हेंबरपासून.”

“डीआयजी साहेब बसतात परिक्षेत्राला, मी इथं तालुक्याला. ते उठायच्या आत गाव उठलं तर?”

मॅडम वाद घालत नाहीत. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर लॅपटॉप उघडतात, क्लिप लावतात. ४१ सेकंद. दगड, आरडाओरडा, पळापळ. वर मराठीत लिहिलंय, ‘काल रात्रीची घटना’. दुसऱ्यांदा आवाज बंद करून बघतात. रस्त्यात डबकी आहेत. दोघांच्या हातात छत्र्या. मराठवाड्यात डिसेंबरच्या रात्री कुठला पाऊस? २३ व्या सेकंदाला मागं एका औषधाच्या दुकानाची पाटी दिसते. ती तेलुगू.

म्हणजे जुनी, परमुलखातली क्लिप कालची म्हणून चिकटवलेली. हे ॲपच्या स्वतःच्या नियमांतच बसत नाही. त्याला कुणाच्या सहीची गरज नाही. ६.१२ ला क्लिप खाली येते.

“उपकार झाले मॅडम.”

“उपकार कसले. पत्र मात्र रीतसर येऊ द्या.”

इथं एक गोष्ट टिपून ठेवण्यासारखी आहे. महिन्याच्या अहवालात ही क्लिप ‘आमच्या नियमांनुसार काढलं’ या रकान्यात जाईल. ‘सरकारच्या सांगण्यावरून’ या रकान्यात जाणार नाही. फोन पोलिसांचा होता, पण काढली ॲपनं. असे किती, ते अहवाल वाचून कुणालाही कळायचं नाही.

सकाळी ८.४०

मुलीचा डबा, स्वतःचा डबा, ॲक्टिव्हा. पुण्यात धानोरीहून खराडी. पेट्रोल शंभराच्या वर आहे. आठवड्याला चारशेचं लागतं. घरभाडं एकोणीस हजार. मॅडमच्या हातात महिन्याला एकसष्ट हजार पडतात. याआधी सोलापूरच्या कोर्टात एका वकिलांच्या हाताखाली होत्या. ते महिन्याला सहा हजार द्यायचे, कधी पाच.

रात्री अकरा ते सकाळी सहा या वेळात कंपनीचा फोन वाजला, तर वाजेल त्या रात्रीचे दोनशे रुपये भत्ता. कॉलच्या नोंदीचा स्क्रीनशॉट एचआरला पाठवायचा. आजचा फोन दहा मिनिटांनी बसला.

सकाळी ९.३५

टेबल. दोन पडदे, एक कीबोर्ड, त्यातलं बॅकस्पेस झिजून गुळगुळीत. भिंग. हो, खरंखुरं भिंग, स्टेशनरीच्या दुकानातलं. ते कशाला, ते पुढं येतं. आणि एक्सेल.

ॲपनं विकत घेतलेली तिकीट-प्रणाली आहे, तिचे पैसे डॉलरमध्ये जातात. मॅडमचा भरवसा एक्सेलवर. ओळीत पहिला रकाना पत्र कधी आलं त्याचा. शेवटचा आपोआप भरतो: आल्याची वेळ अधिक छत्तीस तास. कोर्टाचा किंवा सरकारचा रीतसर आदेश मिळाल्यापासून एवढ्या वेळात मजकूर खाली यायला हवा. बारा तास उरले की चौकट पिवळी, सहा उरले की लाल. सकाळी तीन पिवळ्या होत्या.

डाव्या पडद्यावर ‘सहयोग’ उघडतं. गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राचं हे पोर्टल ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालं. आधी पत्रं मेलवर यायची, फॅक्सवर यायची, एकदा तर स्पीड पोस्टानं आली होती. आता देशभरातल्या यंत्रणा एका खिडकीतून नोटिसा टाकतात आणि कंपन्या त्याच खिडकीत उत्तर देतात. या पोर्टलविरुद्ध एक्स कंपनी कर्नाटक उच्च न्यायालयात गेली होती. २४ सप्टेंबर २०२५ ला याचिका फेटाळली गेली. महिन्याभरात केंद्रानंच नियम थोडे आवळले, ते आपल्या अधिकाऱ्यांसाठी. आधी फौजदाराच्या सहीचं पत्रही चालून जायचं. आता मंत्रालयातून सहसचिव (तो हुद्दा नसेल तिथं संचालक), पोलिसांतून डीआयजी, त्याखाली नाही. शिवाय कलम लिहायचं, कारण लिहायचं, नेमकी लिंक द्यायची.

रात्रीतून आलेली तेवीस. मॅडम एकेक उघडतात. आधी व्हिडिओ बघत असतील असं मला वाटलं होतं. तसं नाही. त्या खालून वर वाचतात. आधी सही, मग हुद्दा, मग कलम, मग लिंक. व्हिडिओ सगळ्यात शेवटी.

“उलटं का?”

“सहीच नसेल तर बघायचं कशाला? बघितलं की मत होतं.”

पाच पत्रं परत जातात. एकात हुद्दाच नाही. दोघांनी व्हिडिओची लिंक द्यायची सोडून अख्ख्या खात्याची दिलीय. एका खात्यात साडेतीनशे व्हिडिओ, त्यात बाईंच्या उकडीच्या मोदकांचेही. त्यातला नेमका कुठला, ते सांगा. एकानं शोधाच्या पानाची लिंक चिकटवलीय. ती आज एक दाखवते, उद्या दुसरं. पाचव्यात कारणाच्या जागी नुसतं ‘आक्षेपार्ह’.

परत पाठवायचं उत्तर ठरलेलं आहे, चार ओळींचं. तरी मॅडम प्रत्येकात एक ओळ हातानं घालतात: ‘दुरुस्त करून पाठवल्यास तातडीनं बघतो.’ कोर्टाच्या कारकुनाशी कसं बोलायचं, ते सोलापुरात शिकलेलं.

सकाळी १०.५०

सहावं पत्र. सगळं ठीक, सही ठीक, लिंक उघडत नाही. ‘हे पान अस्तित्वात नाही.’

आता भिंग निघतं. पत्राला जोडलेला स्क्रीनशॉट कुणीतरी आधी छापलाय, मग स्कॅन केलाय. मूळ लिंक त्या छापील कागदावरून बघून कुणा हवालदारानं हातानं टाईप केलीय. इंग्रजी मोठा आय, छोटा एल आणि एक हा आकडा, तिघं छापील कागदावर उभी काडी होतात. मोठा ओ आणि शून्य हे आणखी दोन. मॅडम भिंगातून काड्या मोजतात. या लिंकेत दोन काड्या आणि एक गोल. कागदाच्या कोपऱ्यावर पेननं बारीक लिहून एकेक जुळणी करून बघतात. सातव्या वेळी व्हिडिओ उघडतो.

“हे परत पाठवायला नको होतं का?”

“पाठवलं असतं. पण कलम १९६ लावलंय. दोन समाजांतल्या तेढीचं. लिंक चुकली म्हणून तिथं काही झालं, तर उद्या पेपरात ॲपचं नाव येईल. हवालदाराचं नाही.”

व्हिडिओ बघितला. मीही बघितला. तो काढायलाच हवा होता, एवढंच लिहितो.

सकाळी ११.२५

मॅडमची मेल वाजते. त्या पडदा फिरवतात. “तुम्ही जरा चहा घेऊन या.”

ही दुसरी बोली होती. कलम ६९अ चं काही आलं, की मी बाहेर.

आयटी कायद्याचं हे कलम २००९ पासून लागू आहे. सार्वभौमत्व, संरक्षण, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, आणि यांच्याशी संबंधित दखलपात्र गुन्ह्याला चिथावणी. एवढ्याच कारणांसाठी केंद्र सरकार मजकूर अडवू शकतं. अब्रुनुकसानी त्यात नाही. विनंती एका समितीपुढं जाते. कायदा, गृह, माहिती-प्रसारण खात्यांचे लोक असतात. ज्यानं मजकूर टाकला त्याला किंवा कंपनीला म्हणणं मांडायला किमान ४८ तास मिळायचे, असं नियम म्हणतो. तातडी असली तर आधी बंद करायचं, आणि प्रकरण ४८ तासांत समितीसमोर न्यायचं. आदेश न पाळणाऱ्या कंपनीच्या माणसाला सात वर्षांपर्यंत कैद. आणि २००९ च्या नियमांतला सोळावा: विनंती, तक्रार, कारवाई, सगळं गुप्त. सर्वोच्च न्यायालयानं हे कलम २४ मार्च २०१५ ला वैध ठरवलं, त्याच निकालात ज्यात ६६अ रद्द झालं. त्या प्रकरणाची सुरुवात २०१२ च्या पालघरातली, फेसबुकवरच्या पोस्टीवरून झालेली दोन मुलींची अटक. मॅडम तेव्हा एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला होत्या. निकालाची प्रत त्यांच्या खणात आहे, वापरून वापरून कोपरे दुमडलेली.

पँट्रीत मावशी चहा करतात. कंत्राटावर, साडेतेरा हजार. मशीनचा चहा फुकट आहे, पण मॅडमला पातेल्यातला लागतो म्हणून मावशी आलं घरून आणतात.

“पडदा फिरवला का त्यांनी?” मावशी विचारतात. “मग गार होणार चहा. मी अर्ध्या तासानं दुसरा नेते.”

काचेतून दिसतं. मॅडम हेडफोन लावून बोलतायत. समोर बंगळुरूचे सर. ते मुख्य अनुपालन अधिकारी, सगळे त्यांना सीसीओ म्हणतात. कंपनीवर खटला झाला तर पहिलं नाव त्यांचं. नोडल आणि सीसीओ एकच माणूस चालत नाही, हेही नियमातच. बोलणं कमी, मान डोलावणं जास्त. एकदा मॅडम हात वर करतात, काहीतरी विचारतात, आणि हात खाली घेतात.

सरकारनं संसदेत दिलेले आकडे आहेत. ६९अ खाली अडवलेल्या लिंका २०१४ मध्ये ४७१. २०२० मध्ये ९,८४९. कुठल्या, ते नाही.

चाळीस मिनिटांनी मॅडम बाहेर येतात.

“किती होत्या?”

“विचारू नका हो.”

दुसरा चहाही गार झालेला असतो. तोच पितात.

दुपारी १.१५

डबा. मेथीची भाजी, पोळ्या, ठेचा. शेजारी तक्रार निवारण अधिकारी बसतो, सत्तावीस वर्षांचा, जळगावकडचा. सामान्य वापरकर्त्यांच्या तक्रारी त्याच्याकडे: तेव्हाच्या नियमानं चोवीस तासांत पोच, पंधरा दिवसांत निकाल. त्याचा डबा नसतो. खालच्या टपरीवरून दोन वडापाव, चाळीस रुपये. मॅडम न विचारता एक पोळी त्याच्याकडे सरकवतात.

त्याचा फोन वाजतो. तो ऐकतो, मग मॅडमकडे देतो. “नाशिककडचे काका आहेत. परवाचे. तुमच्याशीच बोलायचंय म्हणतात.”

दुपारी १.२५

काकांचा व्हिडिओ युरियाच्या रांगेचा होता. दोन मिनिटं दहा सेकंद. कृषी सेवा केंद्राबाहेर रांग, चपला आणि पिशव्या रांगेत लावलेल्या, आणि काकांचा आवाज: माल गोदामात पडलाय, वाटत नाहीत. शनिवारी आदेश आला. अपुष्ट माहितीमुळं सुव्यवस्थेला बाधा. सही बरोबर, हुद्दा बरोबर, कलम लिहिलेलं, लिंक नेमकी. रविवारी सकाळी व्हिडिओ भारतापुरता बंद झाला.

“ताई, मी कुणाला शिवी दिली का?”

“नाही काका.”

“खोटं बोललो का?”

“ते मला कसं कळणार?”

“मग काढला कशाला? माझा भाचा शारजाहला असतो. तो म्हणतो, मामा, मला तर दिसतोय. तिकडं दिसतो अन् इथं नाही. ही काय तऱ्हा?”

तऱ्हा अशी. आदेश भारतातला, म्हणून पडदाही भारतापुरता. बघणाऱ्याचं इंटरनेट कुठल्या देशातून येतंय ते ॲप बघतं. भारतातलं असलं की काळी पाटी दाखवतं, ‘कायदेशीर विनंतीवरून आपल्या देशात उपलब्ध नाही’. ट्विटरनं ही देशापुरती झाकायची रीत जानेवारी २०१२ मध्ये जाहीर केली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. आता ते सगळ्यांच्या सवयीचं झालंय. मॅडमच्या उजव्या पडद्यावर एक खिडकी लंडनमार्गे उघडते. झाकल्यावर दोन्हीकडं बघायचं: इथं दिसता कामा नये, तिथं दिसलं पाहिजे. तिथंही बंद झालं तर काम चुकलं.

“काका, तुम्हाला मेल आली असेल. त्यात आदेश कुठल्या कार्यालयाचा ते आहे. त्यांना लिहा. आमच्याकडं तक्रार केलीच आहे तुम्ही. आमचं उत्तर पटलं नाही तर तीस दिवसांत वर अपील करता येतं, ऑनलाइन आहे, पैसे लागत नाहीत.”

“तोवर युरिया संपंल.”

“हो,” मॅडम म्हणतात.

फोन ठेवल्यावर त्या मला शनिवारची मेल दाखवतात. हे ६९अ चं नाही, कलम ७९ चं प्रकरण, दाखवायला हरकत नाही. सीसीओंना त्यांनी एक ओळ लिहिली होती: ‘मजकूर बातमीसारखा वाटतो. आदेशात काय खोटं आहे ते सांगितलेलं नाही.’ वीस मिनिटांनी उत्तर: ‘कागद पूर्ण आहे. पाळा.’

सरांचा राग यावा असं काही नाही. आदेश मोडला तर कलम ७९ चं कवच जातं, म्हणजे मजकूर आपणच छापला असं धरून कंपनीवर गुन्हा. भांडायचं तर उच्च न्यायालय. ट्विटर भांडायला गेलं होतं, ३९ लिंकांवरून, कर्नाटकात. ३० जून २०२३ ला हरलं, वर पन्नास लाखांचा दंड. ट्विटरला पन्नास लाख म्हणजे काय ते ट्विटर जाणे. या ॲपला एका युरियाच्या रांगेसाठी बंगळुरूतल्या वरिष्ठ वकिलाची एक तारीखही परवडायची नाही. आणि हे काकांना कुणी सांगत नाही, मेलमध्येही लिहीत नाहीत.

जेवण उरलेलं. मॅडम डबा बंद करतात.

दुपारी ३.०५

एका मुलीची तक्रार. कॉलेजातली. तिच्या ओळखीच्यानंच काय टाकलंय ते सांगायची गरज नाही. इथं सही नाही, हुद्दा नाही, कलमाची चौकशी नाही. तिनं स्वतः कळवलं, एवढं पुरे. चोवीस तासांची मुदत आहे. इथं मॅडम मुदतीकडं बघत नाहीत.

पडद्यावर चित्र आधी धुरकट आणि करड्या रंगात उघडतं. आवाज बंद असतो. ओळख पटवण्यापुरता एक चौकोन उघडायचा, तोही तक्रार करणारीनं सांगितलेल्या खुणेपुरता. मग काढायचं, आणि त्या चित्राचा अंकी ठसा साठवायचा, म्हणजे तेच पुन्हा कुणी चढवलं तर यंत्र दारातच अडवतं. अकरा मिनिटं. मूळ फाईल मात्र पुसत नाहीत. काढलेला मजकूर पुराव्यासाठी १८० दिवस कुलपात ठेवायचा असतो. मुलीला हे लिहिताना मॅडम वाक्य तीनदा बदलतात: कुणालाही दिसणार नाही हे आधी आलं पाहिजे, जपून ठेवलंय हे नंतर.

मग उठून हात धुवून येतात.

दुपारी ४.२०

कोर्टाचा हुकूम. चौदा पानं, मराठी, स्कॅन तिरका. महापालिका निवडणुका काल जाहीर झाल्या आहेत, एकोणतीस शहरं, मतदान १५ जानेवारीला. एका इच्छुक उमेदवारानं स्वतःवरच्या तीन व्हिडिओंविरुद्ध दिवाणी न्यायालयातून तूर्तातूर्त मनाई आणलीय.

मॅडम खुलतात. इतका वेळ वाकलेली पाठ सरळ होते. हा कागद त्यांच्या ओळखीचा. शिक्का कुठं मारतात, तारीख कुठं येते, शिरस्तेदाराची सही कशी असते, सगळं डोळ्यांत बसलेलं. बनावट हुकूमही येतात. फोटोकॉपीच्या दुकानात बसून कुणीही बनवतं. म्हणून सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक ई-कोर्ट्सवर टाकून बघायचा. दावा सापडतो. हुकूम अजून चढवलेला नाही. मॅडम वकिलाच्या कारकुनाला फोन लावतात, दोन वाक्यं सोलापुरी बोलतात, आणि दहा मिनिटांत नकलेच्या पावतीचा फोटो हातात.

हुकूम तीनपैकी दोनच व्हिडिओंबद्दल आहे. तिसऱ्यावर न्यायाधीशांनी काही म्हटलेलं नाही. वकिलाच्या मेलमध्ये मात्र तिन्ही लिंका. मॅडम दोन झाकतात. तिसरा तसाच. त्यात एक मुलगा ढोलकीवर त्या उमेदवाराच्या जुन्या आश्वासनांची यादी गातोय. बरा गातो.

संध्याकाळी ६.१०

आणखी एक पत्र, निवडणुकीशीच जोडलेलं. एका कार्यालयानं व्हिडिओच्या स्क्रीनशॉटवर इंग्रजीत ‘खोटं’ असा लाल शिक्का पाहिलाय, पत्र सूचना कार्यालय मारतं तसला, आणि तोच आदेश समजून पाठवलाय. शिक्का म्हणजे आदेश नव्हे. सरकारबद्दलचं खरंखोटं सरकारनंच ठरवायचं असा एक कक्ष २०२३ च्या नियमांत होता. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, तिसऱ्यांनी २० सप्टेंबर २०२४ ला मत दिलं, आणि त्यानुसार ती दुरुस्ती रद्द झाली. मॅडम हे सगळं लिहीत नाहीत. ‘कृपया कलम, कारण आणि सक्षम अधिकाऱ्याची सही पाठवावी.’ चार ओळी आणि हातानं घातलेली पाचवी.

लोकसभेला, विधानसभेला याहून घाई असते. मोठ्या कंपन्यांनी २०१९ मध्ये निवडणूक आयोगाला शब्द दिलाय: मतदानाआधीच्या ४८ तासांत आयोगाची तक्रार आली, तर तीन तासांत उरकायची. त्या दोन रात्री मॅडम इथंच सोफ्यावर झोपल्या होत्या. जेवणाचं बिल कंपनीनं दिलं, अडीचशेपर्यंत.

रात्री ७.४०

एक्सेलचा हिशेब. दिवसभरात एकतीस. चौदा झाकली, एक अख्खी काढली, नऊ परत, सात उद्यावर. काचेमागचं काम या एकतिसात धरलेलं नाही. त्याची वही वेगळी. पिवळ्या चौकटी आता दोन.

“आज बरा गेला,” मॅडम म्हणतात, आणि ॲक्टिव्हाची किल्ली शोधतात. ती भिंगाखाली असते.

रात्री ११.४०

हेही मला दुसऱ्या दिवशी कळलं. पहाटेच्या फौजदारांचा पुन्हा फोन. डीआयजी साहेबांच्या सहीचं पत्र पोर्टलवर आलंय, रीतसर. क्लिप तर सकाळीच गेली होती. पण आता तीच क्लिप दुसऱ्या खात्यांवर आहे, सतरा ठिकाणी, आणि पत्रात लिंक एकच, मेलेली.

“साहेब, पत्रात सतरा नाहीत.”

“आता पुन्हा सही आणायला लावू नका मॅडम. पाया पडतो.”

मॅडम ओट्यावर लॅपटॉप उघडतात. छत्र्या त्याच, पाटी तीच. ॲपच्या नियमांखाली एकेक काढतात. साडेबाराला संपतं. स्क्रीनशॉट एचआरला. पण पहाटेचा एक आधीच गेलाय, आणि एचआर दोन्ही फोन मंगळवारचेच धरतं. म्हणजे दोनशे, चारशे नाहीत.

मार्च २०२६

मी सहज चौकशी केली. २० फेब्रुवारीपासून नियम बदललेत. छत्तीस तासांचे तीन झाले. त्या मुलीच्या प्रकारच्या तक्रारींना चोवीसचे दोन. एक्सेलच्या सूत्रात छत्तीस खोडून तीन लिहायला अर्धं मिनिट लागलं, मॅडम म्हणाल्या. सगळ्या चौकटी एकदम लाल झाल्या, कारण सहा तास उरले की लाल ही अट बदलायची राहिली होती.

रात्रपाळीला तीन मुली आणि एक मुलगा घेतलाय, लॉ कॉलेजातून, सव्वीस हजारांवर. मुलींना न्यायला-आणायला गाडी. मॅडम त्यांना काड्या आणि गोल शिकवतात. भिंगं चार आणलीत, ऐंशी रुपयांना एक. रात्री दहानंतर सीसीओंना ओळ लिहायची पद्धत बंद आहे. कागद पूर्ण असेल तर आधी झाकायचं, विचारायचं सकाळी. अपुरा असेल तर पूर्वी परत जायचा. आता फोन करून तिथल्या तिथं पूर्ण करून घेतात.

काकांचा व्हिडिओ अजून झाकलेलाच आहे. अपील त्यांनी केलं नाही.

दोनशे रुपयांचा भत्ता मात्र गेला. एचआरचं म्हणणं, आता रात्रपाळी आहे. फोन अजून मॅडमच्याच नावावर आहे, कारण नियमात नोडल म्हणून नाव त्यांचंच दिलंय.